किती जणांना विचारलं, ते नंतर सांगा

मोफत मधुमेह तपासणी शिबिर. मांडव पडतो, पाहुणे फीत कापतात, दोन-चारशे लोकांच्या बोटाला सुई टोचली जाते. तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: शहरात दर तिसऱ्याला मधुमेह.

शहरात, की मांडवात?

शिबिराला येतं कोण? महिनाभर सारखी तहान लागतेय तो. मधुमेहात आईचा पाय कापावा लागला ती. ज्याच्या गोळ्या आधीपासून सुरू आहेत आणि आज तपासणी फुकट आहे, तो तर हमखास. पंचविशीतला धडधाकट पोरगा त्या वेळी कामाच्या पाळीवर असतो. तो आकड्यात येतच नाही.

शिबिर वाईट नाही. चार जणांना आजार वेळेत कळला तरी ते सार्थकी लागलं. घोळ होतो तो शिबिराच्या आकड्यावर शहराची पाटी लावली की.

हाच प्रश्न नीट विचारला तर काय हाती लागतं? आयसीएमआर-इंडियाब या पाहणीने २००८ ते २०२० या काळात राज्यामागून राज्य घेत १,१३,०४३ प्रौढांची तपासणी केली. आधी राज्य, मग शहर आणि खेडं वेगळं, मग वस्ती, मग घर, मग घरातली एकच व्यक्ती. प्रत्येक पायरीवर निवड नियमाने. २०२३ साली निष्कर्ष आले: देशात मधुमेह ११.४ टक्के. उत्तर प्रदेशात ४.८. गोव्यात २६.४.

म्हणजे गोव्यात ‘दर चौथ्याला मधुमेह’ हे वाक्य छापायला हरकत नाही. ते मांडव घालून काढलेलं नाही.

शितावरून भाताची परीक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आणि ती खरीही ठरते. पातेलं एक, पाणी एक, आच एक. जिल्हा असा एका आचेवर शिजत नाही. तिथे शीत कुठून उचललं, हे आधी सांगावं लागतं.

आणि तेच कुणी सांगत नाही.

वैद्यकीय संशोधनाच्या बातमीत तीन गोष्टी ठळक असतात: टक्केवारी, माणसांची संख्या, मोठ्या डॉक्टरांचा फोटो. ती माणसं निवडली कशी, याला एक ओळही नसते. मूळ शोधनिबंधातही ती ओळ शोधावी लागते आणि सापडली तर बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपलेली असते.

एवढ्याशा ओळीने काय बिघडतं? २००६ साल आठवा.

त्या वर्षी एड्सविषयक संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने जाहीर केलं, की भारतात ५७ लाख लोक एचआयव्हीबाधित आहेत. दक्षिण आफ्रिकेलाही मागे टाकून आपण जगात पहिले. भीती पसरली, अग्रलेख झाले, योजना आखल्या गेल्या.

जुलै २००७. नवा अंदाज आला: सुमारे २५ लाख.

निम्म्याहून अधिक रुग्ण गेले कुठे? कुणी बरं झालं नव्हतं. मोजायची जागा बदलली होती.

जुना आकडा मुख्यतः ठरावीक केंद्रांवरून येत असे. सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाआधी तपासणीला येणाऱ्या बायका, गुप्तरोग विभागात येणारे रुग्ण. त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून सगळ्या देशाचा हिशेब. पण सरकारी रुग्णालयात जातं कोण? गरीब तर जातातच. शिवाय खासगी डॉक्टरने एचआयव्ही दिसताच हात झटकून ‘सरकारीत जा’ म्हणून पाठवलेले जातात. बाधित माणसं जिथे गोळा होतात, तिथेच उभं राहून मोजलं तर देश बाधितच दिसणार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. त्यात बाधितांचं प्रमाण निघालं ०.२८ टक्के. मग डोळे उघडले.

घरोघरची पाहणी म्हणजे अंतिम सत्य, असंही नाही. कुंटणखान्यातली बाई ‘कुटुंबा’च्या यादीत असते का? महिनोन्‌महिने रस्त्यावर असलेला ट्रकचालक सर्वेक्षकाला घरी सापडतो का? एचआयव्हीचा धोका ज्यांना सर्वाधिक, तेच दारोदार फिरणाऱ्याच्या हातून निसटतात. म्हणून नवा अंदाज काढताना घरोघरचा आकडा घेतला आणि या गटांची वेगळी मोजणीही जोडली.

या वेगळ्या मोजणीचं तंत्रही वेगळं. ज्यांची यादीच नाही, त्यांच्यातून चिठ्ठी काढणार कशी? मग माणसांऐवजी जागा आणि वेळ यांची यादी करायची: अमुक नाका, शुक्रवार, रात्री नऊ ते बारा. त्या यादीतून चिठ्ठी काढायची आणि तिथे, त्या वेळी जे भेटतील त्यांना विचारायचं. किंवा एका ओळखीच्या माणसाला मोजकी कुपनं द्यायची, त्याने पुढचे आणायचे आणि कुणी कुणाला आणलं, कुणाच्या ओळखी किती याचा हिशेब ठेवून आकडे तोलायचे. दोन्ही पद्धती आपल्याकडे वापरल्या गेल्या आहेत, त्याही लाखमोलाच्या कामासाठी.

प्रश्न बदलला की पद्धत बदलते. पण आपल्याकडे प्रश्न कोणताही असो, पद्धत एकच: समोर आला, घेतला.

कोविडच्या काळात तर आकड्यांचा पाऊस होता. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात १,६६४ लोकांचं रक्त तपासलं आणि ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. ‘निम्म्या पुण्याला कोरोना होऊन गेला’ अशी चर्चा लगेच सुरू झाली.

पाहणी झाली होती पाच प्रभागांत. तेही ज्यांत रुग्णसंख्या जास्त होती असे, मुद्दाम निवडलेले. संशोधकांनी हे दडवलेलं नव्हतं. लोहियानगर-कासेवाडीत आकडा ६५ टक्क्यांवर, कसबा-सोमवार पेठेत ३६. या पाचांमध्येच एवढा फरक आणि लोक त्यावरून पाहणीत नसलेल्या बाणेर-पाषाणचं भविष्य सांगत होते.

मास्क काढायला तेवढं निमित्त पुरलं.

त्याच जुलैमध्ये मुंबईत तीन वॉर्ड घेतले गेले: दहिसर, चेंबूर आणि माटुंग्याकडचा एकेक. पण तिथे एक शहाणपण आधीच केलं होतं. झोपडपट्टी वेगळी, इमारती वेगळ्या. निकाल: झोपडपट्टीत ५७ टक्के, इमारतींत १६.

दोन्ही एकत्र मिसळून एकच आकडा काढला असता तर तो चाळिशीच्या आसपास आला असता. तो कुणाचा आकडा? झोपडीतल्या माणसाचाही नव्हे आणि सोसायटीतल्याचाही नव्हे. एका संडासाला कितीतरी घरं असलेली वस्ती आणि प्रत्येक खोलीला बाथरूम असलेला फ्लॅट, या दोघांची सरासरी काढून कुणावर उपचार करणार?

एकाच शहरात दोन शहरं आहेत हे ठाऊक असेल तर नमुनाही दोन भागांत घ्यावा लागतो. याला स्तरीकरण म्हणतात. शब्द जड आहे, अक्कल साधी आहे.

‘पण साहेब, आमचा नमुना मोठा आहे!’

हा पुढचा युक्तिवाद. लाखभर लोकांनी फॉर्म भरला, आता शंका कसली?

अमेरिकेत २०२१ मध्ये फेसबुकवरून लसीकरणाची पाहणी चालू होती. दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं. मे महिन्यात तिने लस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण टक्केवारीच्या तब्बल १७ अंकांनी जास्त दाखवलं. त्याच वेळी हजारेक लोकांची एक छोटी पाहणी प्रत्यक्ष आकड्याच्या जवळ होती. तिने माणसं काळजीपूर्वक निवडली होती, एवढाच फरक. ‘नेचर’मध्ये याची चिरफाड छापून आली. हिशेब असा, की त्या अडीच लाख उत्तरांचं मोल चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा माणसांहून जास्त नव्हतं.

दहा.

वाकडी निवड मोठी केली की चूक कमी होत नाही. चुकीबद्दलची खात्री तेवढी वाढते. म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या ‘फक्त दोन मिनिटं द्या’वाल्या आरोग्य पाहण्यांचा मला मनापासून राग येतो. फोन असलेले, मराठी टाइप करणारे, रिकामा वेळ असलेले आणि त्या विषयाचं काहीतरी दुखणं असलेले लोक उत्तर देतात. नंतर त्यावर ‘महाराष्ट्रातील महिलांचे आरोग्य’ असं शीर्षक येतं.

आता जरा मेडिकल कॉलेजात डोकावू. कारण रोग तिथूनच सुरू होतो.

एमडी करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस लिहावा लागतो. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, जमा करायची तारीख जवळ येते. रेसिडेंट विचारतो, ‘सर, सॅम्पल साइझ किती घेऊ?’ सर म्हणतात, ‘शंभर घे.’ मग शंभर येईल असं सूत्र शोधलं जातं. ते प्रसिद्ध आहे: फोर पी क्यू बाय एल स्क्वेअर (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेलं, एल म्हणजे चालवून घेतलेली चूक). प्रमाण ५० टक्के धरा, चूक १० टक्क्यांची चालवून घ्या, उत्तर शंभर. चूक ५ टक्क्यांची धरली तर चारशे. चारशे कोण गोळा करणार? म्हणून १०.

यात गंमत नाही, नुकसान आहे. समजा आजार दहा टक्के लोकांत आहे आणि चूकही दहा टक्क्यांची चालवली. सूत्र सांगतं: छत्तीस माणसं पुरेत. छत्तीस जणांत थिसिस आटोपतो. निष्कर्ष काय? आजार शून्य ते वीस टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. एवढं तर पाहणीआधीही माहीत होतं.

त्याहून मोठी गफलत पुढे आहे. हे सूत्र एका अटीवर उभं आहे. ज्या लोकसमूहाबद्दल बोलायचंय, त्यातल्या प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी हवी. ती संधी द्यायची कशी, यावर सिनॉप्सिसमध्ये दोन शब्द असतात: ‘कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग’. म्हणजे ओपीडीत आले ते घेतले. अट मोडली, सूत्र मात्र ठेवलं.

एथिक्स कमिटी संमतीपत्र मराठीत आहे का बघते. बघायलाच हवं. पण ज्या अभ्यासातून काही कळूच शकणार नाही, त्यासाठी माणसाचं रक्त काढणं नैतिक आहे का, हे कोण बघणार?

सोयीचा नमुना घेतलाच तर शीर्षक त्याच्या मापाचं ठेवा. ‘अमुक रुग्णालयाच्या ओपीडीत आलेल्या रुग्णांमधील रक्तक्षय’ हा प्रामाणिक अभ्यास आहे. तेवढ्यासाठी दर पाचवा केसपेपर घेतला तरी चालतं, फक्त सगळे वार घ्या. सोमवारी मधुमेहाची ओपीडी असेल आणि तुम्ही सोमवारीच बसत असाल तर पाचवा काय आणि सातवा काय.

रुग्णालयाचा नमुना तर आणखी एका पद्धतीने फसवतो. १९४६ साली मेयो क्लिनिकच्या जोसेफ बर्कसन यांनी ते दाखवलं. ज्याला दोन आजार आहेत, त्याला दवाखान्यात भरती व्हायची कारणंही दोन. त्यामुळे वॉर्डात दोन-दोन आजारवाले जास्त जमतात आणि त्या आजारांचं एकमेकांशी नातं आहे असं भासू लागतं. बाहेर, गावात, ते नातं नसतंच. त्यांचं उदाहरण मधुमेह आणि पित्ताशयाच्या दाहाचं होतं.

मग रुग्णालयात संशोधन करूच नये? असं कोण म्हणतंय?

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतून फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण घेतले आणि दुसऱ्या आजारांचे ७०९ जोडीला घेतले. सिगारेटचं पाप उघडं पडलं. तो कर्करोग घरोघर हिंडून शोधला असता तर आयुष्य सरलं असतं. दुर्मिळ आजाराचा रुग्ण रुग्णालयातच शोधावा लागतो. कसोटी लागते ती जोडीचा माणूस निवडताना. तो हृदयविकाराच्या वॉर्डातून आणला तर तिथेही सिगारेटवालेच बसलेले आणि फरक पुसला जातो.

आणखी एक गोंधळ भल्याभल्यांचा होतो. चिठ्ठी दोन ठिकाणी टाकता येते. अभ्यासात कोण येणार यासाठी एक, आणि आलेल्यांपैकी औषध कुणाला मिळणार यासाठी दुसरी. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनची जी प्रसिद्ध चाचणी छापून आली, तिच्यात क्षयाचे १०७ रुग्ण होते. कुणाला औषध द्यायचं हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरलं: ५५ एकीकडे, ५२ दुसरीकडे. तरुण, दोन्ही फुप्फुसं बिघडलेले, ठरावीक रुग्णालयांतले. ते ब्रिटनचे प्रतिनिधी नव्हते आणि असायची गरजही नव्हती. दोन गट सारखे होते, म्हणून औषध चालतं हे कळलं.

कुणाला चालतं, हा प्रश्न मात्र उरतो.

अ‍ॅस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, याची अमेरिकेतली मोठी चाचणी १९८९ मध्ये पूर्ण छापली गेली. २२,०७१ जण. सगळे डॉक्टर. सगळे पुरुष. पहिल्या झटक्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं. बायकांनाही हेच लागू, असं धरायला कुणाचं काय गेलं? २००५ साली जवळपास चाळीस हजार स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. एकूण पाहता हृदयविकाराच्या झटक्यात ठोस घट नाही. पक्षाघातात मात्र काहीशी घट. त्याच गोळीचं उत्तर वेगळं.

झोपेच्या झोल्पिडेम या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्ये निम्मा करायला लावला. गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती.

नमुन्यात जो नसतो, त्याचा डोस अंदाजाने ठरतो.

आता फिल्डवर चला. कागदावर पद्धत कितीही देखणी असो, ती मोडते गावाच्या वेशीपाशी.

लसीकरणाची पाहणी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक पद्धत जगभर चालली: तीस वस्त्या, प्रत्येकीत सात मुलं, एकूण २१०. स्वस्त, आटोपशीर. वस्त्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडायच्या, इथपर्यंत उत्तम. मग गावात गेल्यावर पहिलं घर कुठलं? मधोमध उभं राहायचं, बाटली फिरवायची, तोंड जिकडे होईल तिकडे चालू लागायचं आणि शेजारून शेजारी मुलं मोजायची.

गावाच्या मधोमध काय असतं? देऊळ, ग्रामपंचायत, जुने वाडे. पाडा कुठे असतो? तांडा कुठे असतो? दलितवस्ती कुठे असते? ज्या पोराला लस मिळाली नसण्याची शक्यता जास्त, त्याच्या घरापर्यंत बाटलीचं तोंड पोचतच नाही. सात मुलं त्याच्या अलीकडेच भरतात.

जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ च्या पुस्तिकेत हा रस्ता सोडायला सांगितलं: घरांची यादी करा, यादीतून चिठ्ठी काढा. आपल्याकडे किती ठिकाणी अजून बाटली फिरतेय?

बंद दाराचं काय? सर्वेक्षकाला नेमून दिलेल्या घराला कुलूप असलं की तो शेजारच्या उघड्या घरात शिरतो. दिवसाचा आकडा भरायचा असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण कुलूप लावून जातं कोण? दोघंही कमावती असलेलं घर. स्थलांतर केलेलं घर. उघड्या दारात भेटते आजी. अशाने तरुणांच्या आरोग्याची पाहणी आजीच्या तोंडून होते.

म्हणून नियम असा, की त्याच घरी पुन्हा जायचं. संध्याकाळी जायचं, रविवारी जायचं. आणि घरातला कोण निवडायचा हे दार उघडणाऱ्याने ठरवायचं नाही. लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये त्यासाठी साधा तक्ता दिला: घरातली माणसं वयानुसार लिहा, तक्ता सांगेल तो माणूस. इंडियाबने हेच वापरलं. खर्च येतो तो या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा आणि पैसे कापले जातात तेही नेमके तिथेच.

बीड जिल्ह्याची गोष्ट घ्या. हिवाळ्यात पाहणी करा, शेकडो घरांना कुलूप. माणसं ऊस तोडायला गेलेली. त्या घरांच्या बायकांचं काय चाललंय हे सरासरीतून दिसत नव्हतं. देशात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचं प्रमाण कुटुंब आरोग्य पाहणीत ३ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं.

सहा जणींमागे एक. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी एवढी दरी वयाने भरून निघत नाही. ती सापडली, कारण त्यांची मोजणी वेगळी केली.

आणि गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दवाखान्यात बसून वाट पाहिली नाही. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभर खळबळ झाली.

दवाखान्यात बसून मोजलं असतं तर काय कळलं असतं? त्या ८ टक्क्यांचं दुखणं.

दोन खेड्यांचा आकडा सगळ्या देशाला लावता येत नाही, हेही तितकंच खरं. पण तो अभ्यास ज्या प्रश्नासाठी होता, तो प्रश्न ‘देशात किती?’ नव्हता. ‘न बोलणाऱ्या बायकांना काही होतंय का?’ असा होता. त्याला दोन खेडी पुरली.

हे सगळं आपल्याला परदेशातून शिकायचंय असंही नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे साताऱ्याच्या बुध गावचे. १९५४ चं त्यांचं नमुना पाहणीवरचं पुस्तक जगभर अभ्यासलं गेलं. त्याआधी शेतीच्या उत्पादनाचे अंदाज काढताना त्यांनी एक बारीक गोष्ट दाखवून दिली. शेतातला लहानसा तुकडा आखून पीक कापलं की उत्पादन वाढून दिसतं. का? कापणारा कडेवरची रोपं आत ओढतो. लबाडीने नव्हे. हाताला सवय असते. तुकडा जितका लहान, तितकी कड जास्त आणि चूक मोठी.

सातारच्या माणसाला गव्हाच्या शेतात ही कड दिसली. आमच्या थिसिसला ओपीडीची कड दिसत नाही.

यादीचं दुखणं वेगळंच. चिठ्ठी काढायला यादी लागते आणि आपल्या मोठ्या पाहण्यांचा पाया आहे २०११ ची जनगणना. २०२१ ची झालीच नाही. मधल्या काळात पुण्याभोवतीची गावं महापालिकेत आली, शेतांवर पंचवीस मजली इमारती उभ्या राहिल्या. निवडलेल्या वस्तीत गेल्यावर घरांची नवी यादी करतात, त्याने थोडं सावरतं. पण कोणती वस्ती निवडायची, हे जुन्या लोकसंख्येनेच ठरतं. नवी जनगणना २०२७ ची आहे. ती वेळेवर आणि नीट झाली तर आरोग्य संशोधनावर मोठे उपकार होतील. निवडणुकीच्या गणितापलीकडेही तिचा उपयोग आहे, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

गाइड सरांना आणि मॅडमना एक विनंती. सिनॉप्सिस हातात आली की ‘किती?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: हा अभ्यास कुणाबद्दल बोलणार आहे? त्यांची यादी आहे का? यादीतून माणूस कसा निवडणार? भेटला नाही तर काय करणार? या चारांची उत्तरं नसतील तर कागद परत पाठवा. संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा झाल्यावर बोलावू नका, तेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

आणि वाचकहो, काम तुमच्याकडेही आहे.

मुंबईच्या त्या २०२० च्या पाहणीत ८,८७० नमुने घ्यायचं ठरलं होतं, मिळाले ६,९३६. झोपडपट्ट्यांनी आपला वाटा जवळपास पूर्ण दिला. तूट पडली ती इमारतींत. जिथे शिकलेली माणसं राहतात, जिथे गेटवर वॉचमन असतो, तिथे.

तुमच्या सोसायटीच्या गेटवर उद्या आरोग्य पाहणीचं ओळखपत्र घेऊन कुणी आलं तर ते तपासा, खात्री करून घ्या आणि आत येऊ द्या. यादीत तुमचं घर निघालं असेल तर ‘शेजारी विचारा’ म्हणू नका. शेजाऱ्याचं उत्तर तुमच्या जागी चालत नाही.